अंदमान रस्त्याने पाहायचं तर किलोमीटर मोजू नका, फाटक आणि बोटींचे धक्के मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वरुडकडची तुमची संत्र्याची बाग आंबिया बहारासाठी ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडलं, की जानेवारीत दहा-बारा दिवस मोकळे मिळतात. तेवढ्यात आई, बायको आणि दोन पोरांना घेऊन अंदमान पाहायचं आहे. हॅवलॉक-नील बेटांचं तयार पॅकेज नको, तुम्हाला गावं, जंगल आणि जुना इतिहास रस्त्याने फिरत पाहायचा आहे. आपली गाडी जहाजावर चढवून नेता येते का? पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे एका दिवसाचं काम ना? आणि आईंचे गुडघे दुखतात, तर त्यांना काय झेपेल?

मी परतवाड्याहून लोकांना सहलीला नेतो. शेतकरी, निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या बाया, असे आपल्याच भागातले लोक असतात. अंदमानच्या या रस्त्यावर बरीच वर्षं जाणं-येणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडीचा विषय आधी संपवतो. आपली गाडी न्यायचा विचार सोडा. कोकणात खाडी ओलांडताना गाडीसकट फेरीत चढतो तशी सोय मुख्य भूमीवरून अंदमानला जाणाऱ्या प्रवासी जहाजांत नाही. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात. तुमच्या बारा दिवसांतले सहा पाण्यावरच जातील. नागपूरहून रेल्वेने चेन्नई गाठा, रात्री तिथे थांबा आणि सकाळचं विमान धरा. दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटावर तेही दिसेल, गोंधळू नका. तिथे चालकासकट गाडी ठरवा. भाड्याच्या दुचाकीवर हा रस्ता करायचा बेत कुणी सुचवला तर कुटुंबासाठी तो कामाचा नाही.

आता अंतराकडे येतो, कारण सगळी योजना तिथेच चुकते. सव्वातीनशे किलोमीटर म्हणजे आपल्याकडे सकाळी डबा बांधून निघालं की दुपारच्या जेवणाला पोचलो. अंदमान ट्रंक रोडवर हा हिशेब चालत नाही. तो रस्ता दक्षिण अंदमानातून निघतो, बाराटांगवर जातो, मग मध्य अंदमान आणि शेवटी उत्तर अंदमान. म्हणजे एकाच रस्त्यावर चार बेटं, आणि मधे समुद्राच्या खाड्या. मिडल स्ट्रेटला आजही गाडी बार्जवर, म्हणजे सपाट बोटीवर, चढवून पलीकडे न्यावी लागते. त्यापुढच्या हम्फ्री सामुद्रधुनीवर आता लांब पूल झाला आहे, आणि मायाबंदरच्या पुढे ऑस्टिन सामुद्रधुनीवर चेंगप्पा पूल आहे. त्याच्याही आधी जिरकाटांगचं फाटक. तिथून पुढचा सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे कुणालाही एकटी गाडी घेऊन जाता येत नाही. ठरलेल्या वेळी सगळ्या गाड्या रांगेने, पोलिसांच्या सोबतीने सुटतात. पहिली रांग सकाळी सहाला, दुसरी नऊला, मग दुपारच्या. या वेळा प्रशासन बदलतं, त्यामुळे आदल्या संध्याकाळी चालकाकडून खात्री करून घ्यायची. रांग चुकली की पुढच्या रांगेपर्यंत बसून राहायचं, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सहाला मिट्ट काळोख असतो. उलट सकाळी पाच-साडेपाचलाच फटफटतं. आपल्या सवयीने आठ वाजता नाश्ता करून नऊला निघालात तर दिवसाचा चांगला भाग हातचा गेला. माझ्या सहलींत मी पहिल्याच दिवशी सांगतो: इथे चारला उठा, आठला झोपा. शेतकऱ्यांना ते जड जात नाही, शहरातल्या नातेवाइकांना जातं.

म्हणून माझा हिशेब असा असतो: आज किती किलोमीटर, हे विचारायचं नाही. आज फाटक आहे का, धक्का आहे का, आणि अंधाराआधी मुक्काम गाठता येतो का, एवढं पाहायचं. एका दिवसात एकच मोठी ओलांडणी. जिथे ओलांडणी आहे त्या दिवशी पाहण्याचं एकच ठिकाण. हे पाळलं तर आईही दमणार नाहीत आणि पोरंही कुरकुरणार नाहीत.

आता एक सल्ला देतो, तो पॅकेजवाल्यांच्या उलट आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात करून परत येऊ नका. बहुतेक सगळे तसंच करतात. पहाटे तीनला उठायचं, जिरकाटांगला रांगेत लागायचं, जंगल पार करायचं, बार्ज, मग होडी, मग गुहा, आणि लगेच परतीची रांग पकडायला धावत सुटायचं. गुहेत पोचल्यावर लोक घड्याळच पाहत असतात. तुम्ही तर पुढे रंगतला जाणार आहात. तुम्हाला त्या दिवशी परतीची रांग पकडायची नाही, म्हणजे धावायचंही नाही. पहिल्या रांगेने या, गुहा निवांत पाहा, जेवा, आणि उजेडी रंगत गाठा.

गुहेपेक्षा गुहेकडे जाणारा पाण्याचा रस्ताच मला जास्त मोलाचा वाटतो. निलांबूर धक्क्यावरून छोटी मोटरबोट निघते. आधी रुंद खाडी, दोन्ही काठांना खारफुटी. मग चालक वेग कमी करतो आणि बोट एका अरुंद फाट्यात शिरते. डोक्यावर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, ऊन थेंबाथेंबाने खाली येतं, आणि भरती-ओहोटीची रेघ प्रत्येक मुळावर एकाच उंचीला दिसते. त्या रेघेच्या वर पानं हिरवीगार, खाली चिखलाने राखाडी. चिखलात लहानलहान खेकडे हलत असतात. पोरांना सांगा, हात बोटीबाहेर काढायचा नाही. या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ही घाबरवण्यासाठी सांगायची गोष्ट नाही. बोटीतून उतरल्यावर दीडेक किलोमीटर पायी जावं लागतं, थोडं शेतातून, थोडं झाडीतून, वाट खालीवर आहे. गुहेत छतातून उतरलेले चुन्याचे खांब अजून वाढताहेत, थेंब पडताना दिसतो. त्यांना हात लावू नका, बोटांचा तेलकटपणा लागला की तिथली वाढ थांबते.

आईंना बोटीचा प्रवास झेपेल. चढता-उतरताना दोघांनी धरावं लागेल, कारण भरतीप्रमाणे बोट धक्क्यापेक्षा खाली-वर असते. पायवाट मात्र त्यांच्या गुडघ्यांवर सोडा. जड वाटलं तर एकाने त्यांच्यासोबत उतरण्याच्या ठिकाणीच थांबायचं. बाराटांगवर चिखलाचा ज्वालामुखीही दाखवतात. राखाडी चिखलाचा लहानसा उंचवटा आणि मधे फुटणारे बुडबुडे, एवढंच तिथे आहे. भूगर्भाची आवड असेल तर दहा मिनिटं थांबा, त्यासाठी चढून जाण्याचा आईंना त्रास देऊ नका.

जारवांच्या जंगलाबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या पन्नास किलोमीटरांत गाडी थांबवायची नाही, ओव्हरटेक करायचं नाही, ताशी चाळीसच्या वर जायचं नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही, आणि कुणी दिसलं तर खाऊ द्यायचा नाही. १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण नियमनाखाली यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, कारण समजून पाळा. जारवांनी बाहेरच्या लोकांशी मोकळेपणाने येणं-जाणं सुरू केलं ते १९९७-९८ च्या सुमारास, म्हणजे अगदी अलीकडे. लगेच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे पोराला लस टोचली की विसरून जातो, तो आजार त्यांच्यासाठी घातक ठरू शकत होता. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जंगलातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता आजही चालू आहे, आणि त्यावर अजून वाद आहे. तुम्ही-आम्ही त्या रस्त्याने जातो तेव्हा निदान एवढं तरी करावं की 'जारवा दिसतील का हो?' असं चालकाला विचारू नये आणि पोरांनाही विचारू देऊ नये.

मेळघाटात कोरकू बाया डोक्यावर मोळी घेऊन चालल्या असताना गाडीतून मोबाइल बाहेर काढणारे लोक मी पाहतो. त्या बायांच्या चेहऱ्यावर काय उमटतं तेही पाहतो. आपण विदर्भातले लोक या बाबतीत दुसऱ्यांपेक्षा जास्त समजूतदार असायला हवेत, कारण आपल्या शेजारीच हे घडतं. त्या रस्त्याने दोनदाच जा, जाताना एकदा आणि येताना एकदा. गुहेसाठी एकाच दिवसात येणं-जाणं टाळा असं मी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

पोर्ट ब्लेअरला सुरुवातीला दोन रात्री द्या. सेल्युलर जेल तर पाहणारच. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ते बांधलं गेलं. मधल्या मनोऱ्यापासून इमारतीच्या सात पाख्या, म्हणजे लांब शाखा, निघत होत्या, आज तीनच उभ्या आहेत. एका पाखीच्या कोठड्यांची तोंडं दुसऱ्या पाखीच्या पाठीकडे, म्हणजे समोर कुणाचा चेहराच दिसू नये अशी रचना. तिथे उभं राहिल्यावर ही गोष्ट मुद्दाम पाहा, पुस्तकात वाचून ती तेवढी भिडत नाही. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे दोघं भाऊ इथे होते, विनायकराव १९११ ते १९२१. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने आहेत. आईंना खालच्या मजल्यावरची दालनं आणि अंगण पुरेसं आहे, संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही बसून पाहता येतो.

पण अंदमानचा इतिहास जेलपाशी सुरू होत नाही, आणि तिथे संपतही नाही. कैद्यांची वसाहत मार्च १८५८ मध्ये सुरू झाली, म्हणजे १८५७ च्या उठावाच्या लगेच नंतर, जेलच्या जवळपास चाळीस वर्षं आधी. १८५९ च्या मे महिन्यात इथल्या मूळ लोकांनी, ग्रेट अंदमानींनी, धनुष्यबाण घेऊन इंग्रजांवर चाल केली. अॅबर्डीनची लढाई म्हणतात ती हीच. शहरात तिचं स्मारक आहे, पॅकेजच्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात. तुम्ही थांबा. १८७२ च्या फेब्रुवारीत शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारलं ते समोरच्या होपटाउनच्या धक्क्यावर. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ बेटं जपानच्या ताब्यात होती, किनाऱ्यावर त्यांची बंकरं अजून दिसतात. आणि ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी इथे तिरंगा फडकवला. रॉस बेटाला आज नेताजींचं नाव आहे, तिथे इंग्रजांच्या चर्चच्या भिंती वडा-पिंपळासारख्या झाडांच्या मुळांनी पकडून ठेवल्या आहेत आणि त्या पडक्या भिंतींतून चितळं फिरतात. ही चितळं बाहेरून आणून सोडलेली आहेत. अंदमानात वाघ-बिबट नाहीत, त्यामुळे त्यांना खाणारं कुणी नाही, आणि ती कोवळी रोपं खाऊन जंगल वाढू देत नाहीत. ताडोबा-मेळघाटाच्या बाजूला राहणाऱ्या पोरांना वाघ नसला की जंगलाचं काय होतं हे तिथे डोळ्यांनी दाखवता येतं.

चॅथमची सरकारी आरागिरणीही पाहा, १८८३ पासूनची आहे. तिथे पडौकचं लाकूड दिसेल, लालसर. आपला बिजा आणि हा पडौक एकाच कुळातले. तुमच्याकडच्या जुन्या वाड्यात बिजाचं दार-चौकट असेल तर आई ते लाकूड पाहताच ओळखतील.

शेतकरी म्हणून तुमच्यासाठी आणखी एक जागा सांगतो: पोर्ट ब्लेअरजवळचं सिप्पीघाट. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात आणि त्सुनामीत दक्षिण अंदमानची जमीन खाली खचली. सिप्पीघाटची भातशेती समुद्राच्या पाण्याखाली गेली ती तशीच राहिली. आता तिथे पाणपक्षी उतरतात. पक्षी पाहायला लोक जातात, पण बांध कुठे होता हे पाहायला थोडंच कुणी जातं. आणि उत्तर अंदमानात याच भूकंपाने उलट झालं: जमीन वर आली, किनाऱ्याचे पोवळ्याचे खडक पाण्याबाहेर पडले. एकाच भूकंपाने बेटाचं एक टोक दाबलं आणि दुसरं उचललं. तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे रस्त्याने जाल तेव्हा हे दोन्ही बघता येईल, विमानाने किंवा हॅवलॉकच्या बोटीने जाणाऱ्याला ते कळतही नाही.

रंगतला दोन रात्री. तिथे मोठं असं काही 'बघण्यासारखं' नाही असं चालकही म्हणतील. तरी थांबा. धनीनाल्याला खारफुटीतून समुद्रापर्यंत लाकडी पायवाट बांधलेली आहे, सपाट आहे, आईंना हळूहळू चालता येईल. आमकुंजचा किनारा रस्त्यालगतच आहे, बसायला लाकडी ओंडके आहेत. कथबर्ट बे हा कासवांच्या अंडी घालण्याचा किनारा. जानेवारीत ती वेळ असते, पण रात्री वनखात्याच्या माणसांसोबतच जायचं, मोबाइलचा प्रकाश लावायचा नाही.

रंगत ते मायाबंदर सत्तरेक किलोमीटर, आणि मध्य अंदमानच्या या सगळ्या रस्त्यावर, रंगतच्या आधीही, खरी मजा गावांची. कदमतला, बकुलतला, निंबूतला, बिल्लीग्राउंड. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना जंगल तोडून इथे जमिनी दिल्या गेल्या. भात, सुपारी, नारळ, दारात तुळस, घरामागे लहान तळं. रस्त्याच्या कामासाठी आणि जंगलतोडीसाठी छोटा नागपूरहून आणलेले उरांव, मुंडा, खडिया लोकही इथेच राहिले, त्यांना तिकडे सरसकट रांचीवाले म्हणतात. मुंडा आणि खडिया लोकांच्या भाषा आपल्या मेळघाटच्या कोरकूच्या नात्यातल्या आहेत. माझ्यासोबत एकदा धारणीकडचे एक कोरकू गुरुजी होते, ते चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या मुंडा बाबांशी आकडे म्हणून पाहत बसले. एक, दोन, तीन, दोघांच्या भाषेत ओळखू येण्यासारखे. आम्हाला तिथून निघायला बराच उशीर झाला, पण त्या दिवशी पुढे फाटक नव्हतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. असा वेळ हाताशी असावा म्हणून तर मी ओलांडण्या कमी ठेवतो.

मायाबंदरजवळच वेबी नावाचं करेन लोकांचं गाव आहे. इंग्रजांनी १९२५ मध्ये त्यांना ब्रह्मदेशातून आणलं. गावात जायचं तर ओळखीच्या माणसाला सोबत घ्या, लोकांच्या अंगणात शिरून फोटो काढू नका. मायाबंदरला एक रात्र पुरे, करमाटांगच्या किनाऱ्यावर संध्याकाळ घालवा.

दिगलीपूरला तीन रात्री ठेवा. या भागात सीतानगर, राधानगर, रामनगर, कालीघाट अशी गावं आहेत. आणि तुम्हाला सांगायला आनंद होतो: दिगलीपूर अंदमानात संत्र्यासाठी ओळखलं जातं. तुमच्या बागेशी तुलना करू नका, तिथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, जमीन उताराची, काळी नाही. पण बाजारात संत्री दिसली तर विक्रेत्याला बागवाल्याचं गाव विचारा आणि जमलं तर जाऊन या. तुम्ही तिथे पाऊस थांबेना म्हणून ताण बसत नाही हे ऐकाल, आणि ते तुम्हाला सांगायला तोही तितकाच उत्सुक असेल. मी नेलेल्या वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्यांच्या सहलीत सगळ्यात जास्त बोलणं असल्याच ठिकाणी झालं आहे.

रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं दिगलीपूरच्या एरियल बेवरून; हे रॉस पोर्ट ब्लेअरच्या रॉसपेक्षा वेगळं. वनखात्याची परवानगी धक्क्यावरच मिळते, आधारची छायाप्रत प्रत्येकाची ठेवा. दोन बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा ओहोटीत उघडा पडतो, म्हणून आदल्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून बोट ठरवा. दुपारी कधीही गेलात आणि भरती असली तर तुम्ही वेगवेगळी दोन बेटं पाहून परत याल. कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या चार जाती अंडी घालतात, वनखात्याचं उबवणी केंद्र तिथे आहे. पोरांसाठी माझ्या मते सगळ्या सहलीतली सर्वांत चांगली संध्याकाळ तीच. सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमानचं सर्वांत उंच शिखर. चिखलदऱ्यापेक्षा उंची कमी वाटते, पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, हवा दमट असते आणि वाट लांब आहे. लहान पोरांसोबत शिखराचा हट्ट धरू नका, किनाऱ्याकडची सुरुवातीची सपाट वाट तेवढी करा. कळपोंग नदीही याच भागात, तिच्यावर छोटा जलविद्युत प्रकल्प आहे.

परतीचं आता. दिगलीपूरहून पोर्ट ब्लेअर एका दिवसात होतं, पहाटे निघून रात्रीपर्यंत. तुम्ही दोघंच असतात तर तसं करा म्हणालो असतो. आईंसोबत मात्र रंगतला पुन्हा एक रात्र थांबा. सरकारी बोटीनेही दिगलीपूरहून येता येतं, पण बोटीचं वेळापत्रक हवामानावर आणि जहाजाच्या उपलब्धतेवर हलतं, त्यावर परतीचं विमान अवलंबून ठेवू नका. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोर्ट ब्लेअरमध्ये असलंच पाहिजे, यात तडजोड नाही. फाटकाची रांग चुकली, बार्ज बंद पडला, रस्त्यावर झाड आडवं आलं, यातलं काहीही होऊ शकतं. बेटांवरच्या रात्री मोजल्या तर असं बसतं: पोर्ट ब्लेअर दोन, रंगत दोन, मायाबंदर एक, दिगलीपूर तीन, परतीला रंगत एक, पोर्ट ब्लेअर एक. दहा रात्री, घर ते पोर्ट ब्लेअर येण्या-जाण्याचे दिवस यात धरलेले नाहीत. हॅवलॉक यात बसत नाही, आणि मी बसवणारही नाही. दहाच्या ऐवजी आठच मिळत असतील तर मायाबंदर सोडा आणि दिगलीपूर दोनवर आणा, पण रंगतच्या दोन रात्री कापू नका, तिथे अंगातला प्रवास उतरतो.

चालकाशी भाडं ठरवताना दिवसावर ठरवा, किलोमीटरवर नाही. कारण अर्धा वेळ गाडी फाटकावर किंवा धक्क्यावर उभी असते आणि किलोमीटरवर ठरवलं की चालकाला घाई सुटते. त्याच्या राहण्या-जेवणाचं कोण पाहणार हेही आधीच बोला. गाडीतल्या प्रत्येकाची ओळखपत्राची छायाप्रत जिरकाटांगला लागते, तिथे फॉर्म भरावा लागतो. पहाटे अंधारात गाड्यांची लांब रांग, दोन-तीन चहाच्या टपऱ्या, बाथरूमसाठी लागलेल्या रांगा, असं ते ठिकाण असतं. आईंना निघण्यापूर्वी मुक्कामावरच सगळं आटपायला सांगा, कारण एकदा जंगलात शिरलं की पार होईपर्यंत गाडी थांबत नाही, तास-दीड तास तरी धरा.

जेवणाचं म्हणाल तर मासे-भात सगळीकडे. शाकाहारी असाल तर डाळ-भात-भाजी बंगाली आणि दक्षिणी खानावळींत मिळते, पोळी कमी ठिकाणी, भाकरी नाहीच. दशम्या आणि जवसाची चटणी सोबत असली की फाटकाची पहाट सोपी जाते. रोख पैसे ठेवा, उत्तरेकडे नेटवर्क मधेच जातं आणि जंगलात तर नसतंच. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या माश्या चावतात, पायाला खोबरेल तेल लावून बसा. पाण्यात उतरण्याआधी स्थानिक माणसाला विचारा, मगरीमुळे काही किनाऱ्यांवर बंदी असते. आईंची औषधं पूर्ण सहलीची आणि चार दिवस जास्तीची घ्या, कारण मोठा दवाखाना पोर्ट ब्लेअरलाच आहे आणि दिगलीपूरहून तिथे पोचायला अख्खा दिवस लागतो. त्यांना रक्तदाब किंवा साखर असेल तर निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना हा सगळा बेत दाखवा.

जानेवारीची निवड चांगली आहे, समुद्र शांत असतो आणि कासवांचे दिवस असतात. फक्त ताण तोडायची तारीख लक्षात ठेवून परतीचं तिकीट काढा, कारण तुम्ही परत आल्याच्या दुसऱ्या दिवशीच बागेला पाणी सोडायचं असेल तर चेन्नई-नागपूर गाडीचा उशीरही त्यात धरावा लागेल. आईंना सलग किती चालवतं आणि पोरं किती मोठी आहेत एवढं कळवा. त्यावरून कालीपूरला राहायचं की दिगलीपूर गावात, आणि दिगलीपूरच्या तीन रात्रींतली एखादी रंगतला वळवायची का, ते सांगता येईल.